मेलेल्या अकरा कुंड्या आणि श्रीखंडाच्या झाकणातली पिल्लं

पूर्वेची_बाल्कनी | २ जून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, आज धीर करून पहिला धागा काढतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तर झालं असं की तीन वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या मैत्रिणीने वाढदिवसाला एक एवढुसं सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं झाड, दिलं. कमळासारखं, राखाडी हिरवं, पानांवर पिठीसाखर भुरभुरवल्यासारखी पावडर. मी इतकी प्रेमात पडले की पुढच्या सहा महिन्यांत सोलापूर रोडच्या नर्सऱ्या पालथ्या घालून अजून बऱ्याच कुंड्या जमवल्या. एचेव्हेरिया, हावर्थिया, ती शेपटीसारखी लोंबणारी बरोज टेल, जेड, सगळं. नवरा म्हणाला एवढ्या पैशात सोन्याची अंगठी आली असती, नाही आली असती, पण मुद्दा कळला.

आणि जून आला. बाल्कनी झाकलेली आहे, पावसाचा थेंब आत येत नाही, तरी एकेक करत जवळजवळ सगळी गेली. पानं पिवळट काचेसारखी व्हायची, हात लावला की गळायची, बुंधा काळा. मला वाटायचं पाणी कमी पडतंय म्हणून मी अजून घालायचे. कोणीतरी सांगितलं होतं रोज दोन चमचे, ते मी इमानदारीत घालत होते. आणि नंतर उघडकीला आलं की सकाळी माझ्या आधी उठून सासूबाईपण दोन चमचे घालत होत्या, "बिचारी तहानलेली दिसतात गं" म्हणून. म्हणजे चार.

दुसऱ्या वर्षी परत आणली, परत तेच. दोन पावसाळ्यांत मिळून अकरा गेली. शेवटचं राहिलेलं, पहिलंच, मैत्रिणीने दिलेलं, ते गेल्या दिवाळीत आकाशकंदील लावताना ग्रिलवरून खाली पडलं आणि त्याचे तुकडे झाले. रडूच आलं. पानं गोळा करून श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणात टाकली आणि वॉशिंग मशीनवर ठेवून विसरून गेले.

तीन आठवड्यांनी कपडे लावताना बघते तर पानांच्या टोकाला गुलाबी केसांसारखं काहीतरी. पाणी नाही, माती नाही, काही नाही. नीट बघितलं तर त्या केसांच्या मधोमध मोहरीएवढं एक हिरवं फूल. फूल म्हणजे झाडच, पण मोहरीएवढं! पाच पानं, सगळी आईसारखी.

आज तेवीस पिल्लं आहेत. मोठी रुपयाच्या नाण्याएवढी, लहान साबुदाण्याएवढी. आणि आता परत जून आलाय आणि माझे हात थरथरतायत. काय करू? मातीत कधी लावू, पावसाळ्यात लावू का थांबू, हावर्थियाची पानं अशीच ठेवली तर ती सुकूनच का गेली, सगळं सांगा.

---

खवचट | २ जून

कोरफड लावा. मरत नाही, उपयोगी आहे, आणि सासूबाई रोज पाणी घालू शकतात. हलकेच घ्या.

---

गच्चीकर | २ जून

मस्त धागा ताई. तुमची अकरा गेली, माझी पहिल्या वर्षी एकोणीस गेली होती, त्यामुळे मी सीनियर.

पहिली गोष्ट, दोन चमचे रोज हा सल्ला ज्याने कोणी शोधला त्याला शोधून काढायला पाहिजे. या झाडांना पाणी कमी लागतं असं नाही, पाणी क्वचित लागतं. देताना भरपूर द्यायचं, खालच्या भोकातून वाहेपर्यंत, आणि मग कुंडी पूर्ण कोरडी होईपर्यंत बघायचंसुद्धा नाही. रोज दोन चमच्यांत वरचा इंच कायम ओला राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि खालची मुळं तहानलेलीच, म्हणजे दोन्हीकडून मरण.

कधी द्यायचं ते कॅलेंडर बघून ठरवायचं नाही. कुंडी उचलून बघा, कोरडी कुंडी इतकी हलकी लागते की आठवड्यात हाताला सवय होते. किंवा अगरबत्तीची काडी खालपर्यंत खुपसा आणि काढा, माती चिकटून आली की थांबा. आणि सगळ्यात खालचं पान दोन बोटांत हळूच दाबा. टणक असेल तर नको. जरा मऊ, सुरकुतलेलं असेल तर द्या. ताई, तुमची पानं पिवळी आणि काचेसारखी झाली होती ना, ते जास्त पाण्याचं लक्षण. तहानलेलं पान सुरकुततं, काचेसारखं होत नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात, दोन्ही वेळा पान मऊ लागतं म्हणून पाणी ओततात.

दुसरं म्हणजे माती. नर्सरीतून आणलेलं झाड बहुतेक वेळा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात नाहीतर निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतं. लाल माती सुकली की वीट होते. कोकोपीट ओलं असेल तर आठवडाभर ओलं राहतं आणि एकदा पार सुकलं की पाणी आत घेतच नाही, कडेने वाहून जातं. घरी आणल्यावर तो गोळा हलक्या हाताने फोडून नव्या मातीत लावायचं. माझं प्रमाण असं की एक भाग बागेची माती नाहीतर कोकोपीट, अर्धा भाग गांडूळखत, आणि तीन भाग खडबडीत काहीतरी. पुण्यात पर्लाइट, म्हणजे मातीत मिसळायचे हलके पांढरे दाणे, मिळतं पण ते पाणी घातलं की वर तरंगत येतं आणि दिसतं थर्मोकोलसारखं, त्यामुळे मी विटांचे तुकडे वापरतो. फोडून चाळायचे, शेंगदाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीएवढे ठेवायचे, पावडर फेकून द्यायची. पावडर ठेवलीत तर परत चिखल.

---

जांभा | ३ जून

रत्नागिरीहून. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला शेवाळ येतं, कपड्यांना बुरशी येते, तिथे हे मेक्सिको-आफ्रिकेचे पाहुणे जगवतोय म्हणजे कल्पना करा.

गच्चीकरांना अनुमोदन, फक्त विटांऐवजी इथे जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे आणि फुटकी कौलं. फुकट आणि भरपूर. झाडं पडवीत, पत्र्याच्या आत दोन हात, जिथे तिरका पाऊसही येत नाही. जून ते सप्टेंबर मी महिन्यातून एकदा पाणी देतो, कधी तेही नाही, हवेतच एवढा ओलावा असतो की माती सुकायलाच दहा-पंधरा दिवस लागतात. एचेव्हेरिया मात्र मी सोडून दिल्या, तीन वेळा प्रयत्न केला, आमच्या रात्री गरम आणि दमट, त्यांना झेपत नाही. हावर्थिया, जेड आणि ताईंचं ते झाड छान चालतं.

कुंडीच्या तळाला खड्यांचा जाड थर द्या, पाणी साचत नाही.

---

गच्चीकर | ३ जून

जांभा, तुमच्या तळाच्या खड्यांना माझा विरोध आहे. भोकावर एक खापरी ठेवा, माती वाहून जाऊ नये म्हणून, तेवढं बास. खड्यांचा थर दिला की पाणी मातीतून खड्यांत पटकन उतरत नाही, माती आणि खड्यांच्या सीमेवर अडकून बसतं. म्हणजे ओला भाग मुळांच्या अजून जवळ आला.

खोटं वाटत असेल तर भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवा, आडवा धरा, गळायचं थांबेपर्यंत वाट बघा. मग तोच स्पंज उभा करा. परत धार लागेल. आडव्याची उंची कमी म्हणून पाणी धरून बसला होता, उभा केला की खालच्या टोकाला तेवढंच राहतं आणि बाकीचं गळतं. कुंडीत खडे घालून तुम्ही मातीची उंची कमी करताय.

---

जांभा | ३ जून

आत्ता सिंकपाशी जाऊन करून आलो. बायको विचारतेय काय झालं म्हणून. मान्य.

---

निवडुंग_काका | ३ जून

वा, बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा. पस्तीस वर्षं हा नाद आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

ताई, तुमचं झाड म्हणजे ग्राप्टोपेटालम पॅराग्वायेन्स, लोक घोस्ट प्लांट म्हणतात. नावात पॅराग्वे असलं तरी झाड मेक्सिकोचं आहे, नाव देणाऱ्याची चूक आणि ती तशीच चिकटली. नवशिक्याने याच झाडापासून सुरुवात करावी, पान मातीवर ठेवायचीही गरज नसते हे तुम्ही बघितलंच. पानावरची पावडर म्हणजे मेण आहे, ऊन आणि पाणी दोन्हीपासून राखणारं. बोट लागलं की ठसा उमटतो आणि त्या पानावर पुन्हा भरून येत नाही, म्हणून झाड कायम बुडाशी धरावं.

पान का उगवतं आणि का उगवत नाही ते सांगतो. पान खोडाला जिथे चिकटतं त्या बुडाशीच नवं झाड काढायची क्षमता असते. पान अर्धवट तुटलं, बूड खोडावरच राहिलं, की ते पान आंधळं. मुळं फुटतील, महिनोन्महिने हिरवं राहील, पण पिल्लू येणार नाही. म्हणून पान ओढायचं नाही. दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवायचं, दाढ हलते तसं, की टक्कन सुटतं. जखम दोन-चार दिवस सावलीत वाळू द्यायची आणि मग मातीवर नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. मुळं फुटेपर्यंत पाणी शून्य. मुळंच नाहीत तर पिणार कशाने? लोक स्प्रे मारमारून कुजवतात. मुळं फुटली की त्यांच्यावर चिमूटभर माती पसरायची आणि मग चार-पाच दिवसांनी थोडा स्प्रे. आईचं पान आपणहून सुकून गळेपर्यंत तोडायचं नाही, बाळ त्याच शिदोरीवर वाढत असतं.

हावर्थियाचं पान साधायला अवघड, वेळ घालवू नका. ती बुडाशी स्वतःच पिल्लं काढते, पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं की मुळासकट वेगळं करावं. आणि एक गंमत, फॅसिएटा म्हणून विकतात ती बहुतेक वेळा अॅटेनुएटा असते. पानाच्या आतल्या बाजूवर बोट फिरवा, खरी फॅसिएटा आतून गुळगुळीत लागते.

पिल्लं पावसाळ्यात हलवू नका. मी नवरात्र ते होळी एवढ्याच काळात नवी लावणी करतो. नवरात्रात घरात घट बसतात, माझ्या गच्चीत पानं बसतात.

---

ठाणेकर_बाई | ४ जून

काका, स्नेक प्लांटचं पान कापून पाण्यात ठेवलं होतं, दोन महिन्यांनी मुळं आली, मग पिल्लू आलं, पण आईला पिवळी किनार आणि पिल्लू साधं हिरवं! फसवणूक झाल्यासारखं वाटतंय.

---

निवडुंग_काका | ४ जून

फसवणूक नाही बाई. ती पिवळी किनार म्हणजे पानाच्या काही पेशींतच हरितद्रव्य नसतं, दोन वेगळ्या जातीच्या पेशी एकाच झाडात नांदतायत. पानाच्या तुकड्यातून जे नवं येतं ते आतल्या हिरव्या पेशींतून येतं. किनार हवी तर कंद फोडूनच वाटणी करायची. आणि तुकडे करताना खालच्या बाजूला खूण करून ठेवा, उलटा लावलेला तुकडा मुळं काढत नाही.

---

संत्र्याचं_साल | ५ जून

नागपूरहून. तुम्ही लोक पावसाला रडून राहिले, आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कुंडीच उकडते बाप्पा. माझं नुकसान मात्र उन्हाने नाही झालं, कूलरने झालं. वाटलं झाडं आत घेऊ, कूलरच्या वाऱ्यात ठेवू, माणसाला बरं वाटतं तर झाडाला पण वाटेल. आठ दिवसांत चार एचेव्हेरिया बुडातून मऊ पडल्या.

नंतर कळलं की एवढ्या गरमीत ही झाडं झोपतात. वाढ बंद, पाणी उचलत नाहीत, आणि आपण वरून ओल देऊन राहिलो. आता मार्चपासूनच पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी, सकाळी दहापर्यंत ऊन, आणि पाणी पंधरा दिवसांतून एकदा ते पण सूर्य बुडाल्यावर. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी घातलं तर मुळांचा चहा होतो.

---

फक्त_वाचक | ५ जून

लाल टोपीचा छोटा कॅक्टस आणला होता, मून कॅक्टस, त्याची टोपी सुरकुतून गेली आणि खालचं हिरवं दांडकं मस्त वाढतंय. काय चुकलं?

---

गच्चीकर | ५ जून

काही चुकलं नाही. तो लाल गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियमची हरितद्रव्य नसलेली जात, स्वतःचं अन्न करू शकत नाही, म्हणून ड्रॅगन फ्रूटच्या कुळातल्या दांड्यावर कलम केलेला असतो. दोघांच्या वाढीचा वेग जुळत नाही, दोन-चार वर्षांत बहुतेकांचं फाटतं. दांडं वाढवा.

जाता जाता, निळ्या-जांभळ्या रंगात बुडवलेल्या हावर्थिया घेऊ नका. रंग म्हणजे सरळ पेंट असतो, पानाला ऊनच मिळत नाही. आणि कॅक्टसवरची ती सुकलेली फुलं गमने चिकटवलेली असतात. मी एकदा ऑनलाइन मागवली होती आठ झाडं, फोटोत स्वर्ग, खोक्यात ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला चिखल आणि एकाच्या डोक्यावर गमचं फूल. रिफंड मागितला तर म्हणे झाड जिवंत वस्तू आहे, त्याची हमी नसते.

---

अटलांटिकपार | ६ जून

न्यू जर्सीहून. इथे नोव्हेंबर ते मार्च खिडकीत ऊन एवढं तिरकं आणि थोडं की झाडं लांबुडकी होतात, दोन पानांत बोटभर अंतर, मान खिडकीकडे. मी बारा तास ग्रो लाइट लावते आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी. जी आधीच लांबुडकी झालीत त्यांचं डोकं उडवते, तो कमळासारखा शेंडा वेगळा लावते आणि खालच्या बोडक्या दांड्याला दोन-तीन नवी डोकी फुटतात. पहिल्यांदा कात्री लावताना जीव होत नाही, पण लांबलेलं झाड परत आखूड होत नाही.

आता एक नैतिक प्रश्न. मोठ्या दुकानात सक्युलंटच्या रॅकखाली फरशीवर गळलेली पानं पडलेली असतात, झाडूवाला येऊन केरात टाकणार. मी उचलून खिशात टाकते. नवरा म्हणतो ही चोरी आहे. माझी अर्धी बाग अशीच झालीय. निकाल द्या.

---

खवचट | ६ जून

फरशीवरचं पान म्हणजे प्रसाद. कुंडीतलं पान म्हणजे चोरी. कुंडीला कोपर लागून फरशीवर पडलेलं पान म्हणजे वकील करा.

---

ठाणेकर_बाई | ६ जून

हसून हसून पुरेवाट. पण मी विचारून घेते बाई. आमच्या इथला नर्सरीवाला मूठभर पानं पिशवीत घालून देतो, वर म्हणतो "लगेगा नहीं मॅडम". त्याला आता माझ्या रोपांचे फोटो दाखवते तर म्हणतो मलाच विका.

---

अटलांटिकपार | ६ जून

ठीक आहे, यापुढे काउंटरवर विचारेन. डिसेंबरमध्ये पुण्याला येतेय, येताना थोडी पानं आणू का कोणाला?

---

निवडुंग_काका | ७ जून

नको. परदेशातून पान-फांदी-बी काहीही आणायचं तर आयात परवाना आणि तिथलं झाड निरोगी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. खिशातल्या पानाबरोबर कीड येते, आणि ती आपल्या शेतात गेली की आवरत नाही. उलट तुम्ही इथे येऊन आमची बघा.

आता विषय निघालाच आहे तर, सक्युलंट म्हणजे मेक्सिको आणि आफ्रिका एवढंच नाही. आपल्या सह्याद्रीचं स्वतःचं एक रत्न आहे, शिंदळ माकुडी. फ्रेरिया इंडिका. डॅलझेल नावाच्या वनस्पतितज्ञाने मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेरच्या नावावरून हे नाव दिलं. जगात फक्त महाराष्ट्रात, तेही शिवनेरीसारख्या मोजक्या ठिकाणी, कड्याच्या कपारीत लोंबत असते. पावसाळ्यात पानं आणि तपकिरी-लाल चांदणीसारखी फुलं, त्यावर पिवळे ठिपके. उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या जाड दांड्या. फांदीवरून सहज येते, त्यामुळे परदेशी संग्राहकांच्या कुंड्यांत तिचे तुकडे आहेत आणि आपल्या गडांवर ती दुर्मिळ. ट्रेकला गेलात आणि दिसली तर फोटो काढा, हात लावू नका. मी माझ्या पस्तीस वर्षांत दोनदाच पाहिली, एकदा दुर्बिणीतून.

दुसरी आपली म्हणजे पानफुटी. शाळेत वहीत ठेवायचो ती. मूळची मादागास्करची, पण आता गडग्यागडग्यावर आहे. पानफुटीसारखी ही मंडळी दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात, पाणी उडू नये म्हणून, आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा उन्हात ते आम्ल वापरून टाकतात. म्हणजे पान पहाटे आंबट आणि दुपारी बेचव. बेंजामिन हाइन नावाच्या माणसाने भारतात राहून पानफुटीची पानं चाखून ही चवीतली गंमत टिपली, १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने ती छापली. आमच्या आजीला माहीत होतं, पण तिचं कोणी छापलं नाही.

---

मांजरवाली | ७ जून

काका, एक कळकळीची सूचना. घरात मांजर-कुत्रं असेल तर पानफुटी आणि तिच्या सगळ्या बहिणी, म्हणजे कलांचो, उंच ठेवा. हृदयावर परिणाम करणारं विष असतं त्यात. जेडही मांजरांना बाधतं. हावर्थिया आणि एचेव्हेरिया चालतात, माझ्या बोक्याने एक अख्खी एचेव्हेरिया खाल्ली आणि वर माझ्याकडेच तक्रारीच्या नजरेने बघितलं.

---

पूर्वेची_बाल्कनी | ८ जून

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आंधळं पान वाचून उठले आणि झाकण तपासलं, खरंच पाच पानं अशी आहेत की मुळं झुपकेदार आणि पिल्लूच नाही. सहा महिने मी त्यांना गोंजारतेय.

ठरवलंय, ऑक्टोबरपर्यंत झाकणातच. सासूबाईंना गच्चीकरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाल्या, "मग सांगायचं होतंत आधी."

---

पूर्वेची_बाल्कनी | १४ ऑगस्ट

मदत! पिल्लांच्या मध्ये कापसासारखं पांढरं आलंय. आधी वाटलं पावडरच आहे, पण नखाने ओढलं तर चिकट आणि आत गुलाबी किडा. मुंग्यापण फिरतायत. हे काय नवीन?

---

गच्चीकर | १४ ऑगस्ट

पिठ्या ढेकूण. मिलीबग. मुंग्या दिसल्या की समजायचं हा आलाच, मुंग्याच त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, त्याच्या अंगातून गोड रस मिळतो म्हणून.

सगळं झाकण बाकीच्या झाडांपासून लांब न्या, आत्ता. कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घ्या आणि एकेक किडा टिपा, पानांच्या बेचक्यात खासकरून. चार-पाच दिवसांनी परत, कारण अंडी राहतात. तीनदा तरी करायचं. कडुनिंबाचं तेल पाच मिली एक लिटर पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, संध्याकाळीच, उन्हात नको. पण पावडरवाल्या झाडावर तेल मारलं की पावडर जाते, म्हणून तुमच्या पिल्लांना स्पिरिटच बरं. झाडं वाचली की मुळंपण बघा, कुंडीच्या आतल्या भिंतीला पीठ दिसलं तर मुळांतला मिलीबग, मग सगळी माती फेका.

---

निवडुंग_काका | १४ ऑगस्ट

आणि जी पिल्लं मऊ पडली असतील त्यांचा मोह सोडा. मोठ्या झाडाचा बुंधा काळा पडला असेल तर धारदार पात्याने वरवर कापत जायचं, प्रत्येक कापाला पातं स्पिरिटने पुसून, आत तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत. कापलेल्या जागी 'साफ' नावाच्या बुरशीनाशकाची पावडर नाहीतर दालचिनीची पूड, आणि आठवडाभर सुकवून मग लावणी. हळद लावणारेही आहेत, मी नाही.

---

जांभा | १५ ऑगस्ट

आमच्याकडे या वर्षी एकच गेलं, ते पण बुरशीने नाही, पडवीत कोंबडीने उकरलं.

---

पूर्वेची_बाल्कनी | नवरात्रातली दुसरी माळ

अपडेट देते. तेवीसपैकी सतरा राहिली. चार मिलीबगने नेली, एक मीच टिपताना मोडलं, आणि एक कबुतराने उपटून ग्रिलच्या पलीकडे टाकलं, खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या तुळशीत पडलं, ते म्हणतात तिथे रुजलंय, देणार नाही.

काल लावणी केली. विटा फोडायला हातोडी शेजारून आणली, चाळायला जुनी रव्याची चाळणी घेतली तर विटांचा चुरा वर आणि पावडर खाली, अगदी पाहिजे तसं. चहाच्या कुल्हडांना खाली भोकं पाडून लावलीत, नवऱ्याने ड्रिल चालवलं, तीन कुल्हड फुटले, सतरा जमले. आईची सुकलेली पानं काही पिल्लांवरून आपोआप गळली होती, कांद्याच्या सालीसारखी कागदी झालेली. बाकीच्यांची तशीच ठेवली. पाणी अजून घातलेलं नाही. पाच दिवसांनी. कॅलेंडरवर मोठा लाल गोल केलाय आणि त्याखाली सासूबाईंच्या अक्षरात लिहिलंय "आधी नाही".

आणि त्यांनी स्वतःचं एक झाकण सुरू केलंय, आम्रखंडाचं. देवापुढच्या समईशेजारी ठेवतात. पडलेलं प्रत्येक पान त्यात जातं, जेडचं, कोथिंबिरीचं पण एकदा गेलं होतं. परवा मला उठवून दाखवलं, बरोज टेलच्या एका पानाला टोकाशी तांदळाच्या कणीएवढं काहीतरी आलंय. मला चष्मा लावल्याशिवाय दिसलं नाही, त्यांना दिसलं.

पाच-सहा पिल्लं वाटायची आहेत, पुण्यातल्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ती आंधळी पाच पानं अजून तशीच हिरवी आहेत, फेकवत नाहीत.

---

ठाणेकर_बाई | नवरात्रातली तिसरी माळ

अभिनंदन! माझं एक नक्की धरा, नोव्हेंबरात पुण्याला येतेय. बदल्यात स्नेक प्लांट, पिवळ्या किनारीचं, कंद फोडून.

---

जांभा | नवरात्रातली तिसरी माळ

मलापण एक. कुरिअर करताना ओलं काही गुंडाळू नका, कोरड्या वर्तमानपत्रात घालून पाठवा, आठ दिवस काही होत नाही. मी जांभ्याचे चाळलेले खडे पाठवतो, पाच किलो.

---

पूर्वेची_बाल्कनी | नवरात्रातली तिसरी माळ

पाच किलो खडे कुरिअरने! पाठवा, पत्ता व्यनि करते. सासूबाई विचारतायत तुमच्या गडग्यावरची पानफुटी मिळेल का, एक पान पुरे, पहाटे चाखून बघायचंय म्हणतात.